शेवटच्या बाकावर बसतो कोण?

महाराष्ट्रात मुलांना शिकवायचं असेल तर आधी शिकवायला शिकावं लागतं. पहिलीच्या पोरांकडून बे एके बे म्हणवून घ्यायचं तर डी.एड. लागतं, ज्याचं आता डी.एल.एड. झालंय. नववीला भूमिती शिकवायची तर बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचं तर नुसतं एम.ए. पुरत नाही, वर बी.एड. लागतंच. आणि तेरावीला? तेरावीला तसलं काही लागत नाही. म्हणजे लागतं खूप. नेट नाहीतर सेट लागते, पीएच.डी. असलेली बरी, जात पडताळणी लागते, ना-हरकत लागते, कुणाचा तरी एक फोन लागतो. शिकवता येणं तेवढं लागत नाही.

एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत ज्युनियर आणि सीनियर कॉलेज नांदतात. फेब्रुवारी-मार्चात बारावीची परीक्षा दिलेली मुलगी जून-जुलैत त्याच जिन्यानं वर येते, बऱ्याचदा त्याच बाकावर बसते आणि एफ.वाय.बी.ए. म्हणवते. बारावीला तिला शिकवणाऱ्या मॅडमनी बी.एड.ला सूक्ष्मपाठ दिलेले असतात, सराव पाठ दिलेले असतात आणि त्या पाठांना मागच्या बाकावर कुणीतरी वही उघडून बसलेलं असतं. ‘फलकलेखन तिरपे.’ ‘प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच दिले.’ ‘आवाज खिडकीकडच्या रांगेपर्यंत पोचला नाही.’ असले शेरे खाऊन त्या वर्गात उभ्या राहिलेल्या असतात. एफ.वाय.ला शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात मागच्या बाकावर आजवर बसली ती फक्त मागच्या बाकावर बसणारी मुलं. त्यांचेही शेरे असतात, पण ते बाकावर कर्कटकानं कोरलेले असतात आणि ‘नॅक’ला ते चालत नाहीत.

बी.एड.ची आरती ओवाळायचा आमचा बेत नाही. पाठ टाचणाच्या वह्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशा उतरतात, हे न कळायला आम्ही काही मंगळावरून आलेलो नाही. पण खोटं का होईना, तिथं कुणीतरी मागं बसतं. शाळेत केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, शेरेबही असते. कॉलेजात प्राचार्य व्हरांड्यातून जातात ते ‘तास चालू आहे का’ एवढंच बघायला. तासात काय चालू आहे हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. तरीही स्टाफरूममध्ये ‘आमच्या ज्युनियरच्या मॅडम’ हे तीन शब्द ज्या सुरात उच्चारले जातात तो सूर ऐकावा. पगारातला फरक त्या सुरात पैशापैशासह ऐकू येतो.

मग प्राध्यापकाला शिकवता येतं की नाही, हे तपासतं कोण? सरकारी उत्तर आहे, नेट. 1989 पासून ही परीक्षा आहे. तिची धाकटी बहीण सेट, जी महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. नेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न, 10 घटक, प्रत्येक घटकावर 5 प्रश्न. त्या दहांतला एक घटक अध्यापन अभियोग्यतेचा. 5 प्रश्न, दोन-दोन गुण, म्हणजे दोन्ही पेपर मिळून 300 पैकी 10. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे डोळे मिटून सगळीकडे ‘क’ ठोकला तरी दोनेक गुण पदरात पडायला हरकत नाही. प्रश्न साधारण या धर्तीचे: वर्गात मुलं गोंधळ घालत असतील तर शिक्षकानं काय करावं? ओरडावं, बाहेर काढावं, प्राचार्यांना कळवावं, की शिकवणं अधिक रंजक करावं? शेवटचा पर्याय बरोबर, हे उमेदवाराला झोपेतही कळतं. वर्गात गेल्यावर तो पहिला निवडतो.

पूर्वी तिसरा पेपर लेखी असायचा. चार वाक्यं का होईना, स्वतःच्या हातानं लिहावी लागत. 2012 पासून तोही चार पर्यायांचा झाला आणि पुढं तर तिसरा पेपरच गेला. आता उमेदवार एक वाक्य न लिहिता आणि एक वाक्य न बोलता अध्यापनाला पात्र ठरतो. ज्या धंद्यात पुढची तीस वर्षं फक्त बोलायचं आणि लिहायचं आहे, त्याची ही प्रवेशपरीक्षा.

पहिल्या पेपरात अलीकडे भारतीय तर्कशास्त्रही घातलंय. अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. उमेदवार हे पाठ करतात आणि लगेच वापरायलाही शिकतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अर्धा कॉलम जाहिरात दिसते, म्हणून उमेदवार ठरलेला आहे. ही व्याप्ती सहसा बाधित होत नाही. हेत्वाभासाचा धडा तर परीक्षेनं स्वतःच घालून दिला. जून 2024 ची नेट नऊ लाखांवर उमेदवारांनी दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली, कारण पेपर फुटल्याचं एक छायाचित्र फिरत होतं. पुढं सीबीआयच्या तपासात त्या चित्रात फेरफार केल्याचं निघालं. धूर खोटा होता, पण तोवर डोंगर विझवून झाला होता.

बरं, नेट राहू द्या. पीएच.डी. तर आहे! त्या पदवीचं सरकारदरबारी काय स्थान आहे, तेही मोठं स्पष्ट आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांनी सांगितलं, जुलै 2021 पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची. मग कोरोना आला, मुदत जुलै 2023 वर गेली. जुलै उजाडायच्या तोंडावर जाहीर झालं की नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. ज्यांनी सक्तीच्या धास्तीनं नोकरी सोडून, कर्ज काढून नाव नोंदवलं होतं, त्यांच्यासाठी ती तेवढ्यापुरती सक्तीची राहिली.

पण याच यूजीसीनं नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमांत एक चांगलं कलम घातलंय, आणि चांगल्याला चांगलं म्हणायची आमची तयारी असते, सदराला परवडेल तेवढी. विषय कोणताही असो, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. शिवाय त्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरिअल, प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका असलं काम देता येईल. वाचून आम्हाला भरून आलं. मग लक्षात आलं की आपल्या विद्यापीठांत ही योजना नियम निघायच्या कितीतरी आधीपासून राबते आहे. तिचं स्थानिक नाव आहे, ‘आज माझा तास तू घे.’

सरांची अधिसभेची बैठक असते. मॅडमना दुसऱ्या विद्यापीठात व्हायवाला जायचं असतं. कधी घरी गॅसवाला यायचा असतो, कधी नुसताच पाऊस असतो. तास दहाचा. संशोधक विद्यार्थ्याला फोन पावणेदहाला.

“अरे, आज जरा एम.ए. पार्ट वनला जाऊन ये.”

“हो सर. काय घेऊ?”

“मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते मुलांना विचार आणि पुढं चालू कर.”

तो जातो, विचारतो. मुलं एकमेकांकडे बघतात आणि त्यांतली एक धीट मुलगी सांगते, “सर, सुरुवातच झालेली नाही.” आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलेलं असतं, त्या भरात तो सुरुवात करतो. टिपणं नसतात, पुस्तक होस्टेलवर असतं, घशाला कोरड पडते. चाळीस मिनिटांचं सामान बारा मिनिटांत संपतं. उरलेल्या वेळात तो मुलांना काहीतरी विचारतो, मुलं काहीतरी सांगतात, आणि त्या गडबडीत एखाद्या पोराच्या डोळ्यांत ‘हां, कळलं’ असं काहीतरी दिसतं. तिथं तो प्राध्यापक व्हायला लागतो.

तेव्हा आमचं स्पष्ट मत असं, की गाईडचा आळस ही या राज्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत यशस्वी अध्यापन-प्रशिक्षण योजना आहे. तिला अनुदान नाही, पोर्टल नाही, नोडल अधिकारी नाही, म्हणून ती चालते. बिचारे जे गाईड वेळेवर वर्गात जातात, सगळे तास स्वतः घेतात, त्यांचे विद्यार्थी मात्र या बाबतीत कोरे राहतात. अशा कर्तव्यदक्ष मार्गदर्शकांमुळे भावी पिढीचं केवढं नुकसान होतंय याचा विचार व्हायला हवा.

या योजनेत उणीव एकच. संध्याकाळी सर विचारतात, “झाला का तास?” तो म्हणतो, “झाला सर.” मूल्यमापन संपलं. बारा मिनिटांत सामान का संपलं, धीट मुलीशिवाय कोणी का बोललं नाही, हे सांगायला मागं कुणी बसलेलं नसतं. मग तो आपल्याला आवडलेल्या एका जुन्या सरांची नक्कल करायला लागतो. त्या जुन्या सरांनी त्यांच्या जुन्या सरांची केलेली असते. आपल्या उच्च शिक्षणातल्या पिवळ्या पडलेल्या नोट्सची थट्टा सगळेच करतात, पण नोट्सबरोबर खोकण्याची ढबसुद्धा वारशानं येते, इकडे कुणाचं लक्ष नसतं.

असेही गाईड आहेत, जे विद्यार्थ्याच्या तासाला स्वतः मागं जाऊन बसतात आणि नंतर कॅन्टीनमध्ये कटिंग पाजून काय बिघडलं ते सांगतात. त्यांच्याकडे जागा नसते. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि यांच्याकडची रांग प्रवेशद्वारापर्यंत गेलेली असते. ज्यांच्याकडे जागा असते त्यांच्याकडे ती का असते, हे प्रवेश घेतल्यावर कळतं.

कलमाची अंमलबजावणी कशी होईल याचा अंदाज बांधायला न्यायशास्त्र लागत नाही. कोर्सवर्कमध्ये आणखी एक पेपर येईल. तो शिकवायला शनिवारी बाहेरून कुणीतरी येईल आणि ‘व्याख्यानपद्धतीच्या मर्यादा’ या विषयावर तीन तास व्याख्यान देईल. शेवटी फोटो निघेल. फोटोवर अक्षांश-रेखांश असतील. ते प्रशिक्षण पृथ्वीवर नेमकं कुठं झालं, एवढं त्यामुळे निर्विवाद सिद्ध होईल.

2023 च्या डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, पाठ्यवृत्तीचा विषय निघाल्यावर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार? फार गदारोळ झाला. आम्हाला मात्र वाटलं की प्रश्न विचारणाऱ्याला माहिती कमी पडली. दिवे लावतात हो! विभागात राष्ट्रीय परिषद भरते तेव्हा समई घासणारा तोच असतो. वाती भिजवणारी तीच. काडेपेटी तोच आणतो, पंखा कोणत्या क्षणी बंद करायचा हे तोच ठरवतो, आणि कुलगुरूंच्या हातातली मेणबत्ती विझली तर मागून पेटती काडी पुढं करणारा हातही त्याचाच. फोटोत तेवढा तो हात कापला जातो.

आणि इथंच आमचं अनेक शिक्षणतज्ज्ञांशी वाजतं. ते म्हणतात, आपण पीएच.डी.च्या मुलांना प्राध्यापकीसाठी तयार करत नाही. साफ चूक. इतकी कसून तयारी तर पोलीस अकादमीतसुद्धा होत नसेल. पाच-सहा वर्षांत त्या मुलाला काय येत नाही? नॅकच्या सातही निकषांच्या फायली लावता येतात. न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त लिहिता येतं. पाहुण्यांचा परिचय असा करून देता येतो की पाहुण्यांनाही आपण कोण ते नव्यानं कळावं. कुठल्या लिपिकाला कुठल्या महिन्यात भेटावं, सारांशाची प्रत कुठल्या टेबलावर अडते, संशोधन व मान्यता समितीत कोण कुणाशी बोलत नाही, कुणासमोर कुणाचं पुस्तक काखेत धरून जायचं नाही, हे सगळं त्याला मुखोद्गत असतं. नोकरी लागल्यावर तास सोडून जे जे करावं लागतं, त्यातलं एकही काम त्याला नवं नसतं. तयारी पूर्ण असते. वर्गात पोरं असतात, एवढीच एक गोष्ट त्याला अचानक कळते.

शोधनिबंधांचं प्रशिक्षणही असंच चोख. 2010 च्या नियमांनी ‘एपीआय’ नावाची गुणमोजणी आणली. निबंधाला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण, परिषदेत बोललात तर गुण. तेव्हापासून आयएसएसएन क्रमांक ही मराठी विद्वत्तेची कुळी ठरली. पुढं यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, त्यात हजारो नावं घुसली. 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या एक हजारावर नियतकालिकांची तपासणी, आणि त्यातली 88 टक्क्यांहून अधिक नापास. काहींना धड पत्ता नव्हता, काहींनी आपल्याविषयी धडधडीत खोटी माहिती दिलेली होती. मग पुणे विद्यापीठातच कक्ष थाटून ‘केअर’ नावाची नवी, सोवळी यादी झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं तीही गुंडाळली आणि सांगितलं की आता ज्याचं त्यानं ठरवावं. प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही 2022 मध्ये उठली आहे, पण सवय अशी उठत नाही. अजूनही व्हॉट्सअॅपवर ‘डियर सर/मॅडम, चार दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत’ असा निरोप आला की संशोधक आधी प्रमाणपत्राची तारीख बघतो आणि मग निबंधाचा विषय.

नोकरी लागल्यावर मात्र सरकारला एकदम शिकवण्याची आठवण येते. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर, 1987 पासून, देशभर अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढं त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, 2023 पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं आहेत. पाट्या रंगवणाऱ्याला काम मिळालं हे चांगलंच. मध्यंतरी नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरु-दक्षता’ नावाचा महिनाभराचा कार्यक्रमही आला. कल्पना उत्तम, आणि काही केंद्रांत काही माणसं जीव ओतून शिकवतात हेही खरं. पण प्राध्यापक तिथं येतो तो बहुधा पदोन्नतीची तारीख उलटून चालली की. विहिरीत ढकलून दहा वर्षं झालेल्या माणसाला पोहण्याच्या वर्गाचं पत्र यावं, तसा तो येतो. त्यालाही आश्चर्य वाटत नसतं, कारण तो बुडालेला नसतो. दहा वर्षं त्यानं काठावरची पायरी सोडलेलीच नसते. ऑनलाइन झाल्यापासून तर पायरीवरही यावं लागत नाही. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि मधूनच एखाद्याचा चुकून चालू राहिलेला माइक अख्ख्या महाराष्ट्राला सांगतो की मेथी वीस रुपयांना जुडी झाली.

परदेशात बघा, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून बघू. अमेरिकेत 1993 मध्ये तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या परिषदेनं आणि महाविद्यालयांच्या संघटनेनं मिळून ‘भावी प्राध्यापकांची तयारी’ याच नावाचा कार्यक्रम सुरू केला. पीएच.डी.च्या मुलानं फक्त आपल्या बड्या विद्यापीठात बसायचं नाही. शेजारच्या छोट्या कॉलेजात, कामगारांची मुलं येतात अशा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातही जायचं, तिथल्या प्राध्यापकाचा दिवस कसा जातो ते बघायचं, शिकवायचं आणि मागं बसलेल्या अनुभवी माणसाचं ऐकून घ्यायचं. आपल्या पुण्या-नाशकाहून एम.एस. किंवा पीएच.डी.ला तिकडे गेलेली कितीतरी मुलं टीचिंग असिस्टंट म्हणून गोऱ्या पोरांच्या गृहपाठाच्या वह्या तपासतात. इथं ज्यांनी कधी शेजारच्या बाकावरच्याला गणित समजावलं नाही, त्यांना तिकडे आधी प्रशिक्षणाला बसवतात, इंग्रजी बोलून दाखवायला लावतात, आणि सत्र संपताना विद्यार्थी त्यांनाच गुण देतात. सुटीत घरी आली की ही मुलं त्या गुणांविषयी एकदम हळव्या आवाजात बोलतात.

पण अमेरिकेचं कौतुक इथंच आवरतं घ्यावं लागतं. तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेची आकडेवारी सांगते की 1987 मध्ये 47 टक्के अध्यापक कायमपणाची हमी नसलेले होते, 2021 मध्ये ते 68 टक्के झाले. म्हणजे त्यांनी भावी प्राध्यापक मन लावून घडवले आणि दरम्यान प्राध्यापकाची कायम नोकरीच पातळ करत नेली. आपण त्यातला पहिला खर्च वाचवला.

दुसरी गोष्ट मात्र आपल्यालाही जमली. तिचं नाव तासिका तत्त्व, बोलीभाषेत सीएचबी. कायम पदाची भरती वर्षानुवर्षं बंद, अधूनमधून उघडते तेव्हा ‘2088’ असा एखादा आकडा नेट-सेटवाल्यांना वाढदिवसासारखा पाठ होतो. तोवर कॉलेजं चालतात ती तासावर बोलावलेल्या माणसांच्या जिवावर. तासिकेला हजार रुपयांच्या आसपास, आठवड्याच्या तासांना वरून टोपी, सुटीत शून्य, आणि जे मिळायचं तेही महिन्याच्या महिन्याला येईल असं नाही. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी, मधे मोटारसायकल. डिकीत खडू, हजेरीची प्रत आणि रेनकोट. एकाच दिवसात बी.ए.ला संत साहित्य, बी.कॉम.ला व्यावहारिक मराठी आणि जमल्यास एन.एस.एस.चं श्रमदान.

आणि हा माणूस शिकवायला शिकलेला असतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. पोरं कंटाळून पांगली तर तुकडी पातळ होते, तुकडी पातळ झाली तर कार्यभार घटतो, कार्यभार घटला तर पहिला जातो तो हाच. त्यामुळे मागच्या बाकावरचा पोरगा कधी उठून जाणार हे त्याला पोराच्या आधी कळतं. आवाज पंख्याच्या वर कसा काढायचा, पुस्तक न घेता आलेल्या चाळीस जणांना एका झेरॉक्सवर कसं वाचतं करायचं, अनुष्टुभ कळत नसेल तर तो बाकावर कसा वाजवून दाखवायचा, हे त्याला कुठल्या मिशननं शिकवलेलं नसतं. कायमवाल्यांचे तासही त्याच्याकडेच असतात, तेच ते, ‘आज माझा तास तू घे.’ फरक इतकाच की आता सांगणारा कधीकधी त्याच्यापेक्षा वयानं लहान असतो.

आणि या माणसाच्या अनुभवाचा दाखला? तो मिळवायला वेगळी फेरी. प्राचार्य बदललेले असतात, जुनं हजेरीपत्रक वाळवीनं तपासलेलं असतं, त्या वर्षीची मान्यता विद्यापीठातून आलीच नव्हती असं लिपिक सांगतो, आणि एक सत्र तर तो शिकवत होता याला पोरांशिवाय साक्षीदार नसतो. पोरांची सही चालत नाही.

शेवटी एकदाची मुलाखत निघते. जागा एक, उमेदवार सत्तर. पोस्ट कितीला गेली, याची चर्चा बाहेरच्या चहाच्या टपरीवर मुलाखतीच्या आधीच भूतकाळात चालू असते. देणगीचे आकडे एकरात सांगण्याचीही पद्धत आहे, शेतकऱ्याच्या मुलाला ते लवकर समजतात. आपला माणूस अकरा वर्षांचे दाखले प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आत जातो. टेबलापलीकडे सहा-सात जण. काजूची बशी निम्मी झालेली.

“शिकवण्याचा अनुभव?”

“अकरा वर्षं, सर. तासिका तत्त्वावर.”

“हां, म्हणजे तसा नाहीच. बरं, डेमो द्या. समजा, आम्ही विद्यार्थी आहोत.”

फळा नाही, खडू नाही. तरी तो उभा राहतो, अकरा वर्षांच्या सवयीनं आधी मागच्या भिंतीकडे बघतो आणि बोलायला लागतो. विषयतज्ज्ञ फाईल चाळत असतात, संस्थेचे अध्यक्ष घड्याळ बघतात, विद्यापीठाचे प्रतिनिधी दारातल्या शिपायाला चहाची खूण करतात. टेबलाच्या अगदी टोकाला बसलेले एक सदस्य तेवढे विद्यार्थ्याची भूमिका चोख वठवतात. टेबलाखाली धरून ते मोबाइल बघत असतात. आपला माणूस बोलता बोलता दोन पावलं त्यांच्या दिशेनं सरकतो, आवाज जरा खाली आणतो आणि मधेच थांबून त्यांनाच एक सोपा प्रश्न विचारतो. ते दचकून वर बघतात.

“बास, बास,” अध्यक्ष म्हणतात. “पुढच्याला पाठवा.”